कच्चा सिग्नल

अप्पांना रेडिओवर काय लागलंय यात काडीचाही रस नाही. लागलंय की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न. लागलं, की मग ते जुनं गाणं असो, कांद्याचे भाव असोत, की कुणा चिनी बाईचं रागावल्यासारखं निवेदन असो. अप्पा मिनिटभर कान देतात, वहीत वेळ आणि फ्रिक्वेन्सी टिपतात आणि पुढे सरकतात. एखादं गाणं त्यांनी शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकलंय, असं डोंबिवलीत तरी कुणी शपथेवर सांगणार नाही.

ही जमात मोठी नाही, पण चिवट आहे. साठी उलटलेली, नोकरी टेलिफोन, वीज, रेल्वे अशा तारांच्या खात्यात झालेली, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. घरात एक कपाट असतं, त्याला बाकीच्यांनी हात लावायचा नाही, आणि त्यात तीन पिढ्यांचे चार्जर ‘लागतील कधीतरी’ या आशेवर नांदत असतात. लहानपणी यांनी वडिलांच्या व्हॉल्व्हच्या सेटवर २५ आणि ४१ मीटरला रेडिओ सिलोन धरलेला असतो. धरला यांनी, ऐकला बाकीच्या घरानं. यांचं काम कौलांवर चढायचं, तांब्याची तार वीतभर इकडे, वीतभर तिकडे करायची आणि वरून ओरडायचं, ‘आलं का?’ खालून ‘आलं’ असं उत्तर मिळालं, की बुधवार सार्थकी लागायचा. त्या काळी रेडिओ बाळगायला पोस्टातून लायसन काढावं लागायचं. वडिलांचं ते तिकिटं चिकटवलेलं पुस्तक अप्पांनी अजून जपलंय. सरकारनं १९८० च्या दशकात ते लायसन रद्द केलं, हे अप्पांना मुळीच पटलेलं नाही. फुकट मिळालं की माणूस ऐकेनासा होतो, असं त्यांचं म्हणणं.

अप्पांकडे हॅमचं, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचं, रीतसर लायसन आहे, मोर्सची टिकटिक कानानं उतरवून घेऊन मिळवलेलं, त्या जमान्यातलं. दारावरच्या पाटीवर नावाखाली व्हीयू-टूनं सुरू होणारा त्यांचा कॉलसाइन आहे आणि दर नवा कुरिअरवाला तो फ्लॅटचा नंबर समजून जिन्यात घुटमळतो. लायसन बोलायचं, पण अप्पा बोलत नाहीत. एकदा मी कारण विचारलं.

‘बोलायला काय लागतं हो?’ ते म्हणाले. ‘बोलतो तो कुणीही. ऐकायला अँटेना लागते.’

त्यावर काकूंनी आतून कळवलं, की घरातलं ऐकायला अँटेनासुद्धा लागत नाही, तरी काही जणांना ऐकू येत नाही.

नवा माणूस अप्पांची सामग्री बघून पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो, ‘पोलिसांचं ऐकू येतं का?’ अप्पांचा चेहरा उतरतो. मग १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा, त्याची जागा घ्यायला आलेला २०२३ चा दूरसंचार कायदा आणि दुसऱ्याचं खासगी बोलणं चोरून ऐकणं हा कसा हलकटपणा आहे, यावर अर्धा तास जातो. जे सगळ्यांसाठी सोडलंय तेवढंच घ्यायचं, हा त्यांचा नेम. म्हणजे आकाशवाणी, हॅम मंडळींच्या गप्पा, हवामान उपग्रहांची चित्रं आणि विमानं. विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, उंची आणि ठावठिकाणा सेकंदाला दोनदा जाहीर करत असतं. जो स्वतःहून एवढं कोकलून सांगतोय त्याचं न ऐकणं, हा अप्पांच्या मते उद्धटपणा झाला.

तर अप्पा राहतात पहिल्या मजल्यावर आणि अँटेना चार मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवर. सगळं रामायण या मधल्या अंतराचं आहे.

पूर्वी मागच्या भिंतीवरून एक काळी केबल खाली उतरून थेट अप्पांच्या खिडकीत शिरायची. मग सोसायटीनं इमारतीला रंग काढला आणि ठराव केला, की बाहेरच्या भिंतीवर यापुढे एकही वायर लोंबता कामा नये. टीव्हीवाल्यांना आणि नेटवाल्यांना डक्टमधून वाट मिळाली. अप्पांच्या केबलची वेळ आली तेव्हा डक्ट भरला होता. रंगाऱ्यानं झुल्यावरून उतरता उतरता ती कापली आणि माणूस भला म्हणून नीट वेटोळं करून दारात आणून दिली. अप्पांनी ती कपाटात ठेवली. लागेल कधीतरी.

खरं सांगायचं तर केबलबद्दल अप्पांचं प्रेम आधीच आटलं होतं. ती बारीक केबल १४५ मेगाहर्ट्झचा निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच गिळायची आणि विमानांच्या १०९० ला तर दहावा हिस्साही घरापर्यंत पोचू द्यायची नाही. ‘एवढं खाणारा शिपाई आमच्या खात्यात नव्हता,’ असं ते म्हणत. तेव्हा ठराव झाल्यावर बाकीच्यांना वाटलं, आता म्हातारा गप्प बसेल. अप्पांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, की यापुढे सिग्नल वायफायवरून येईल.

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं भाबडेपणानं विचारलं, ‘काका, अँटेनाची वायर सरळ राउटरलाच लावली तर?’

या प्रश्नावर अप्पा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू घेऊन ते खाली बसले. अँटेनातून जे उतरतं ते व्होल्टचे लाखावे हिस्से. राउटर त्याला ओळखही दाखवणार नाही. म्हणून आधी गच्चीवरच ते पकडायचं आणि त्याचे आकडे करायचे. त्यासाठी बोटाएवढी एक काडी मिळते. मुळात ती कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला बनवली होती, पण २०१२ च्या सुमारास काही खटपट्या लोकांच्या लक्षात आलं, की तिच्यातली चिप कच्चे आकडेही बाहेर देऊ शकते, आणि दोन-चार हजारांत जगभरच्या अप्पांची सोय झाली. ही काडी आकाशातून २.४ मेगाहर्ट्झ रुंदीची एक पट्टी कापते, सेकंदाला चोवीस लाख वेळा मोजते आणि दर मोजणीला दोन आकडे देते. तळहाताएवढा एक कॉम्प्युटर ते आकडे वायफायवर ढकलतो, आणि खाली अप्पांचा लॅपटॉप त्यांतून आवाज काढतो. चोवीस लाख गुणिले दोन, अठ्ठेचाळीस लाख बाइट. गुणिले आठ. सेकंदाला अडतीस मेगाबिट. अप्पांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. ते बिल भरायचं राहिलं होतं, हे नंतर कळलं.

मुलगा हुशार होता. तो म्हणाला, ‘पण काका, एवढं सगळं खाली कशाला आणायचं? वरच आवाज काढा आणि फक्त आवाज पाठवा. काही किलोबिटांत काम होईल.’

अप्पांनी चष्मा काढला. ‘वरच शिजवायचं आणि मला डबा पाठवायचा? मी काय खानावळ लावलीय? भाजी कच्ची घरात आली पाहिजे. निवडायची ती मी निवडीन.’

या वाक्यात अप्पा अख्खे आहेत. वरवर पाहता तो हट्ट आहे, पण त्यात थोडं तथ्यही आहे. कच्च्या आकड्यांत त्या पट्टीतलं सगळंच असतं. आज ज्याकडे लक्ष गेलं नाही ते उद्या रेकॉर्डिंग मागे फिरवून शोधता येतं. एकदा वर आवाज काढून झाला, की बाकीचं गेलं ते गेलं. मात्र हे रेकॉर्डिंग तासाला सतरा जीबी होतं आणि मागे फिरवून अप्पांनी अद्याप काहीही ऐकलेलं नाही. कपाटात हार्ड डिस्कांची चळत आहे. त्यांवर तारखा आहेत. त्यांत काय आहे ते फक्त त्या डिस्कांना ठाऊक.

कॉम्प्युटर गच्चीवर ठेवायचा म्हणजे ऊन-पावसाचा प्रश्न आला. पहिल्यांदा अप्पांनी तो स्टीलच्या डब्यात बसवून झाकण घट्ट लावलं. पाणी आत गेलं नाही आणि वायफाय बाहेर आलं नाही. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण डबा रिकामा होता. मग श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा आला. त्यात एप्रिलमध्ये पारा ऐंशीवर गेला आणि कॉम्प्युटरनं स्वतःहून काम मंदावलं. सरकारी नोकरीत शोभावं असं वागतो, अप्पा कौतुकानं म्हणाले. शेवटी मातीचं मडकं पालथं घालून त्याखाली तो डबा ठेवला, मडक्याच्या काठाखाली हवेपुरते विटेचे तुकडे दिले आणि प्रश्न सुटला.

आता या कॉम्प्युटरला एक तांबडा दिवा असतो, तो कायम जळतो, आणि एक हिरवा, तो मनात येईल तसा लुकलुकतो. चौथ्या मजल्यावरच्या आजी पहाटे गच्चीवर फेऱ्या मारतात. एका पहाटे त्यांना काळोखात पालथं मडकं, त्याच्या फटीतून तांबडा उजेड आणि मधूनच हिरवं काहीतरी डोळे मिचकावताना दिसलं. दुसऱ्या दिवशी मडक्यावर हळदकुंकू होतं, शेजारी टाचणी टोचलेलं लिंबू होतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘गच्चीवर जे काही चाललंय त्याबद्दल’ चर्चा होती. अप्पा अजिबात चिडले नाहीत. ग्रुपवर त्यांनी एवढंच लिहिलं, ‘लिंबू चालेल. कुंकू ओलं नको, पोर्टमध्ये जातं.’

वरची व्यवस्था लागली, तरी सिग्नल खाली सुखानं येईना. खोक्यावर ३०० लिहिलेला राउटर बैठकीत बसून चार स्लॅबपार गच्चीशी बोलायला गेला, की वीसवर यायचा. लागत होते अडतीस. अप्पांनी राउटर उचलून दाराच्या चौकटीवर गणपतीशेजारी बसवला, कारण जिन्याच्या पोकळीतून वरपर्यंत वाट मोकळी होती. आकडा तिसावर गेला. तेव्हापासून काकू चतुर्थीला दोघांनाही फूल वाहतात. न वाहिल्यास नेट जातं, असा त्यांचा अनुभव आहे.

मग अप्पांच्या ध्यानात आलं, की इमारतीतले बहुतेक सगळे राउटर एकाच चॅनेलवर, सहा नंबरवर, कोंबून बसलेत. गोंगाटात कोण कुणाचं ऐकणार? एका रविवारी हातात वही घेऊन ते खानेसुमारीला निघाले. दार उघडलं की, ‘नमस्कार, आपण कितीवर आहात?’ बऱ्याच जणांना हा प्रश्न रक्तदाबाचा वाटला. पुढच्या आठवड्यात नोटीस बोर्डावर, मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीशेजारी, मजलावार तक्ता झळकला. पहिल्या मजल्याला चॅनेल एक, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला अकरा, चौथ्याला पुन्हा एक. खाली सही, आणि ‘सहकार्य अपेक्षित’. लोकांनी सहकार्य केलं, म्हणजे अप्पांनीच घरोघर जाऊन ते करून दिलं, चहा घेतला, आणि गंमत म्हणजे सगळ्यांचंच नेट सुधारलं. सोसायटीच्या इतिहासात ठराव न करता झालेली ही एकमेव सुधारणा.

एक गोष्ट मात्र अप्पांच्या हाताबाहेरची होती, ती पाण्याची टाकी. मडकं आणि जिना यांच्या बरोबर मधे ती उभी आहे, आणि पाणी वायफायचा मोठा घास घेतं. टाकी भरली की सिग्नल पडतो, रिकामी झाली की उठतो. त्यामुळे पाणीकपातीच्या दिवशी अख्खी इमारत बादल्या घेऊन टँकरखाली उभी असताना अप्पा तेवढे प्रसन्न मुद्रेनं जिन्यात भेटतात. ‘आज लिंक काय सुंदर लागलीय!’ हे वाक्य त्यांनी भर मे महिन्यात, तीन हंडे घेऊन चढणाऱ्या सेक्रेटरींना ऐकवलंय. तरी त्यांचं गच्चीवरचं सामान शाबूत राहिलं, यावरून सेक्रेटरींचा स्वभाव कळावा.

पहिली चाचणी झाली तेव्हा मला मुद्दाम बोलावणं होतं. अप्पांनी लॅपटॉपवर १००.७ लावलं, आकाशवाणीचं एफएम गोल्ड. पडद्यावर सिग्नलचा निळा धबधबा संथ खाली सरकत होता आणि मधोमध एक पिवळा जाड पट्टा. खरखर नाही, काही नाही. गाणं अगदी स्वच्छ. अप्पांचे डोळे भरून आले. तेवढ्यात माझ्या कानांना काहीतरी खटकलं. तेच गाणं स्वयंपाकघरातूनही येत होतं, पण दोन-तीन सेकंद पुढे. आत काकूंचा जुना ट्रान्झिस्टर चालू होता. त्याला आकडे मोजायचे नव्हते, रांगेत उभं राहायचं नव्हतं, हरवलेला माल पुन्हा मागवायचा नव्हता. हवेतून आलं, वाजलं. इकडे अप्पांचा सूर मात्र मडक्यातून निघून, जिना उतरून, गणपतीला वळसा घालून पोचत होता.

‘अहो, तुमचं गाणं उशिरा येतंय,’ काकू म्हणाल्या.

‘उशिरा येतंय, पण माझं येतंय,’ अप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून क्रिकेटची कॉमेंट्री लागली, की घरात विकेट दोनदा पडते. आधी पोळ्यांजवळ, मग टेबलाजवळ.

अप्पांच्या बोलण्यात सगळं मोजमाप डेसिबलमध्ये असतं. तीन डेसिबल खाली म्हणजे निम्मं. सुनेनं चहातली साखर तीन डेसिबलनं कमी केलीय. पेन्शनीत पुरेशी वाढ नाही, जेमतेम अर्धा डेसिबल. डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारल्यावर ‘नॉइज वाढलाय’ असं उत्तर दिल्यामुळे त्यांची कानाची तपासणी झाली. कान उत्तम निघाले.

उपग्रहांशी त्यांचं नातं तर घरच्यासारखं. ५३ सेंटिमीटरच्या दोन अॅल्युमिनियमच्या नळ्या इंग्रजी व्हीसारख्या १२० अंशांत आडव्या बसवल्या, की १३७ मेगाहर्ट्झवर अमेरिकेचे जुने हवामान उपग्रह आपलं चित्र ओळीओळीनं टाकत डोक्यावरून जायचे. बाहेर धो धो पाऊस पडत असताना अप्पा छत्री घेऊन, ओल्या पायांनी, कोकणावरचे ढग दाखवायला घरी आलेले मला आठवतात. ‘पाऊस येणारसं दिसतंय.’ त्यांतला एक, १९९८ साली सोडलेला, सत्तावीस वर्षं राबला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याचा धाकटा भाऊही त्याच्याबरोबर निवृत्त केला गेला. अप्पांनी त्या आठवड्यात दाढी केली नाही. काकूंनी विचारलं, कोण गेलं? अप्पांनी गच्चीकडे बोट केलं. काकूंनी आधी चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे फोन लावला.

पण अप्पांचा खरा जीव अडकलाय तो आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात. चारशे किलोमीटर उंचीवरून ते दीड तासाला पृथ्वीची एक फेरी मारतं. डोंबिवलीवरून जातं तेव्हा फार तर दहा मिनिटं हाताशी असतं. वर्षातून काही वेळा तिथून १४५.८०० मेगाहर्ट्झवर हॅम मंडळींसाठी चित्रं सोडतात, फोटो नव्हेत तर किणकिण-किरकिर असा आवाज, आणि कॉम्प्युटर त्या आवाजातून वरून खाली एकेक ओळ रंगवत नेतो. एका चित्राला दोन मिनिटं. चुकलं तर चुकलं. पुन्हा कधी येईल ते वर बसलेले ठरवणार.

असल्या रात्री अप्पांच्या घरात कर्फ्यू असतो. नातवाचा गेम बंद. सुनेचा मोबाइल विमानात बसल्यासारखा. काकूंची मालिका चालते ती नेटवर, म्हणून तीही स्थगित, आणि काकू हा भाग दुसऱ्या दिवशी शेजारी जाऊन बघतात, येताना शेजारची मतंही घेऊन येतात. अशाच एका रात्री मी तिथे होतो. आठ वाजून अठरा मिनिटांनी क्षितिजावरून सिग्नल उगवला. चित्राच्या वरच्या ओळी उतरू लागल्या. निळं आकाश, त्यात पांढऱ्या पोशाखातला अंतराळवीर, त्याची कपाळापर्यंत आलेली काच. अप्पा श्वास धरून बसले होते. आणि एकदम धबधबा थिजला. पडद्यावर करडी भुरभुर. अंतराळवीराच्या नाकाच्या जागी बोटभर जाड काळपट पट्टा उमटला, आणि मग हनुवटीपासून चित्र पुन्हा सुरळीत सुरू झालं.

अप्पा सावकाश उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. काकू मायक्रोवेव्हमधून वाडगा बाहेर काढत होत्या.

‘आमटी?’ अप्पांनी विचारलं.

‘गार झाली होती,’ काकू म्हणाल्या. ‘तुमचं झालं असेल तर पानं घेते.’

मायक्रोवेव्ह आणि वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात, आणि दाराच्या फटीतून निसटतं तेवढंसुद्धा राउटरला बहिरं करायला पुरतं. काकूंनी अर्धा मिनिट आमटी गरम केली. स्थानक तेवढ्यात दोनशेहून अधिक किलोमीटर पुढे गेलं होतं.

दुसरा कुणी असता तर त्यानं ते चित्र पुसून टाकलं असतं. अप्पांनी त्याची रंगीत प्रत काढली, फ्रेम केली आणि बैठकीत लावली. पाहुण्यांना ते बारीक काठीनं समजावून देतात. ‘हा अंतराळवीर. हे हेल्मेट. ही आमटी.’ फ्रेमखाली चिठ्ठी आहे. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, आणि ‘व्यत्यय : चिंचगुळाची’. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं पुन्हा एकदा सुचवून पाहिलं, की गच्चीवरच कार्डावर रेकॉर्ड करून नंतर निवांत खाली आणा, आमटीचा संबंधच येणार नाही. अप्पा म्हणाले, ‘तसं तर ते चित्र अमेरिकेतल्या कुणीही घेतलं असेल. हे आमच्या घरात आलेलं आहे.’

मला वाटतं, त्यांना काय म्हणायचंय ते मुलाला कळलं नाही. काकूंना कळलं असावं, कारण ती फ्रेम पुसतात त्याच.

वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय येणारच होता. पहिला आक्षेप विजेचा. मडक्यातल्या कॉम्प्युटरला लिफ्टच्या मशीनरूममधल्या प्लगवरून, म्हणजे कॉमन मीटरवरून, वीज जाते. अप्पा तयारीनं आले होते. पाच वॉट, चोवीस तास, तीस दिवस, महिन्याला ३.६ युनिट. त्याबद्दल दरमहा पन्नास रुपये ते आगाऊ भरतात, पावत्या फायलीत आहेत आणि वर उरतात ते सोसायटीला देणगी. दुसरा आक्षेप रेडिएशनचा. ‘गच्चीवर टॉवर आहे,’ असं कुणीतरी म्हणालं. अप्पा शांतपणे म्हणाले, ‘ती अँटेना फक्त ऐकते. एक अक्षर बोलत नाही. बारा वर्षांत बोललेली नाही.’ टाळ्या पडणार एवढ्यात मागून त्याच मुलानं, अगदी निष्पाप आवाजात, म्हटलं, ‘पण काका, खाली पाठवायला तुमचं वायफाय बोलतंच ना?’

सभेत शांतता पसरली. अप्पा खोटं बोलत नाहीत. ‘बोलतं,’ ते म्हणाले. ‘तुमच्या प्रत्येकाच्या घरातला राउटर बोलतो तितकंच.’ मग लोक एकमेकांच्या राउटरकडे संशयानं बघू लागले आणि विषय पार्किंगकडे वळला.

खरा पेच पुढे होता. सेक्रेटरी स्वभावानं भले, हे वर आलंच आहे. त्यांनी समारोपात जाहीर केलं, की डक्टमधल्या बंद पडलेल्या वायरी काढून टाकल्यात, जागा झालीय, आणि ज्येष्ठ सभासदांचे हाल लक्षात घेऊन त्यांना गच्चीपासून घरापर्यंत एक केबल टाकायची परवानगी देण्यात येत आहे. नेटची केबल टाका, कॉम्प्युटर वर, लॅपटॉप खाली, शंभर मेगाबिट बिनघोर. ना टाकी आड, ना आमटी. ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, आणि मग हरकत घ्यायला एकच हात वर झाला. अप्पांचा.

‘वायरच टाकायची होती,’ ते म्हणाले, ‘तर मग एवढं सगळं कशासाठी केलं?’

ठराव बहुमतानं मंजूर आहे. केबलचं भेंडोळं आलेलं आहे. ते कपाटात आहे.

परवा अप्पा घरी आले ते वहीसकट. डोंबिवलीत आता काही राम राहिला नाही, असं त्यांचं मत झालंय. लिफ्ट हलली की धबधब्यावर आडवी रेघ, एलईडीचे बल्ब किरकिरतात, चार्जर कुजबुजतात. जग ऐकायला बसावं तर इमारतच ऐकू येते. शॉर्टवेव्ह धरायचं तर शांत जागा हवी. म्हणजे खेडंगाव. अँटेना तिथे, अप्पा इथे, आणि मधे वायफायऐवजी सबंध इंटरनेट. हिशेब मांडलेला होता, खाली दोन रेघाही मारलेल्या होत्या.

‘तुमचं राजापूरकडे घर आहे ना?’

मी सावध झालो. ‘आहे. पण बंद असतं.’

‘बंद? म्हणजे लिफ्ट नाही, चार्जर नाहीत, मायक्रोवेव्ह नाही.’ अप्पा वहीत लिहू लागले. ‘आणि गच्ची?’

‘गच्ची नाहीये अप्पा,’ मी सुटल्याच्या आनंदात म्हणालो. ‘वर नुसता पत्रा आहे.’

अप्पांनी वही मिटली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. ‘पत्रा! अहो, मग तर सबंध ग्राउंड प्लेन आयता आहे!’